लिमलेटची गोळी

नव्वद सालच्या आसपास मी निजामपुऱ्यातल्या एका न्हाव्याच्या दुकानात रोज पेपर वाचायला जात असे. केस कापतानाही पेपर सुटत नसे. "मान सरळ, भाईसाब!" तो दर मिनिटाला ओरडे. शांत बसणाऱ्या मुलांना तो लिमलेटची गोळी देई, रडणाऱ्या मुलाला मात्र कधीच देत नसे. म्हणे, "रडल्यावर दिली की रडण्याचा पगार चालू होतो."

ईदच्या आधी एक बाई पाच वर्षांच्या मुलीला ओढत घेऊन आली.

"चाचा, ही चावते. तीन दुकानांतून हाकललंय."

त्याने मुलीला खुर्चीत बसवलं. ती गप्प होताच लिमलेटची गोळी दिली आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी कात्री कानाजवळ नुसती हवेत वाजवली. पुन्हा गोळी.

"केस काय हिच्या निकाहला कापणार?" बाई कडाडली. "परवा ईद आहे!"

"आज कैंचीशी दोस्ती झाली. केस उद्या."

तिसऱ्या दिवशी मुलगी पुतळ्यासारखी बसली आणि केस कापून, गोळी चघळत गेली.

मग माझा नंबर आला. तेवढ्यात लाइट गेली आणि त्याने लावलेल्या मेणबत्तीच्या उजेडात पेपर वाचता येईना, म्हणून मी स्वस्थ बसलो. शेवटी कापड झटकून त्याने माझ्याही हातावर गोळी ठेवली.

पुढच्या महिन्यात केस कापायला खुर्चीत बसताना मी पेपर बाकावरच ठेवला.