पडून राहिली

लोकांच्या बोलण्यावरून त्यांचं मन वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण नागपूरच्या कोर्टात माझी सर्वात गाजलेली साक्ष झाली ती व्याकरणावर.

खापरखेड्याच्या वसाहतीतली एक सून जेलमध्ये होती. सासू गच्चीवरच्या कुरड्या आणायला गेली आणि जिन्यावरून पडून मेली. सुनेनंच ढकललं, असा आरोप होता. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून पुण्याहून आलेल्या एका तज्ज्ञांनी सुनेची मानसिक तपासणी केली. अहवाल मोठा झोकदार होता. त्यात तिचं एक वाक्य जसंच्या तसं दिलं होतं: "सासू पडून राहिली होती अन् मी पाहून राहिली होती." त्याखाली निष्कर्ष: म्हातारी पडलेली असताना आरोपी नुसती बघत उभी राहिली, भावनाशून्य, पश्चात्ताप नाही. या वाक्यापायी बाईचा जन्म आत गेला असता.

बचावाच्या वकिलांनी मला तिच्याकडे पाठवलं. मी म्हटलं, "काय झालं ते सांग वं."

"मी खाली नळावर बकेट भरून राहिली होती. वर पाह्यलं तं सासू पडून राहिली होती. मी धावलीच मॅडम, पण..." भावनाशून्य बाईला रुमाल माझाच द्यावा लागला.

आमच्याकडे 'पडून राहिली' म्हणजे पडत होती. पुण्यात त्याचा अर्थ, पडली आणि तशीच राहिली. त्या अहवालाचा मला मनस्वी संताप आला होता. तरी साक्षीत मी हे शांतपणे सांगितलं. न्यायाधीश कोल्हापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांना ते पटेना. तेवढ्यात सरकारी वकील उठले. हे जन्मापासून नागपूरचे, जुन्या महाल भागातले.

"साहेब, मॅडम मानसशास्त्र सोडून भलतंच शिकवून राहिल्या."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "शिकवून कुठे राहिल्या?"

वकीलसाहेब खाली बसले. मी प्यायला पाणी मागितलं, तोंड लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

बाई निर्दोष सुटली. जेलच्या फाटकातून ती एक पिशवी घेऊन बाहेर आली, तेव्हा मी तिथे होते. सासरचं कुणी नव्हतं. नवरा एकाही तारखेला आला नव्हता, आजही आला नाही. मी तिला गाडीनं बर्डीच्या बसस्टॉपपर्यंत सोडलं. उतरताना विचारलं, "आता कुठं?"

"घरी जाऊन राहिली, मॅडम."

ती बसकडे निघाली. कोल्हापूरच्या मराठीतही ते खरं ठरावं, असं मला फार वाटलं.