रेडिओला हुंकार

वरठी स्टेशनजवळ पंक्चर काढणारा तो म्हातारा दिवसभर रेडिओ ऐकायचा. गाणी लागली की बंद करायचा. बातम्या, परिसंवाद, डॉक्टरांशी गप्पा मात्र सगळं चालायचं, आणि गोष्ट ऐकताना हुंकार देतात तसा तो दर वाक्याला "हुं" म्हणायचा.

"रेडिओले कायले हुंकार देता, बाबाजी?" एकदा सायकलचं पंक्चर काढून घेताना मी विचारलं.

"नाई देल्ला तं सांगणारा थांबून जाते ना."

मी हसलो. तो ट्यूब बुडवायचं घमेलं भरायला हापशीवर गेला.

रेडिओवर एक बाई धानावरच्या किडीबद्दल सांगत होत्या. वाक्य संपलं आणि त्या थांबल्या. खरखर चालूच होती, त्यांचा श्वासही ऐकू येत होता. मी खूप वाट पाहिली.

शेवटी हळूच म्हणालो, "हुं."

बाई पुढे बोलू लागल्या.