क्योतोचा शनिवार-रविवार

मला प्लॅनिंगचं वेड आहे, यावरून आमच्या घरात माझी चेष्टा होते, आणि गरज पडली की तेच वेड गुपचूप वापरूनही घेतलं जातं. गेल्या वर्षी नवऱ्याची सोमवारी सकाळी ओसाकात मीटिंग होती आणि बारा वर्षांच्या लेकीला शाळेची हर्ब्स्टफेरियन, म्हणजे ऑक्टोबरातली सुट्टी. "आल्झो, चला तर मग, तिघंही जाऊ. शुक्रवारी पोचू, शनिवार-रविवार क्योतो करू," असं म्हणून त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. करू म्हणजे मी करायचं, हे वेगळं सांगायला नको.

मी केलं. जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावी आमच्या स्वयंपाकघरात बसून तीन आठवडे तेच केलं. शनिवारी सकाळी सातला नारिंगी कमानींचं देऊळ, गर्दी व्हायच्या आत. नऊला न्याहारी, कारण भूक लागली की आमची लेक कुणाचं ऐकत नाही. टेकडीवर चालत न जाता बसनं, कारण नवऱ्याचा गुडघा. आणि रविवारी बारा ते दोन, एका देवळातलं शाकाहारी जेवण. दोन दिवसांत तेवढं एकच माझ्यासाठी होतं. ते दोघं काहीही खातात. मी खात नाही, आणि तिकडे साध्या सुपातसुद्धा मासा असतो म्हणे. त्या जेवणाची जागा मिळावी म्हणून मी तीन मेल लिहिले होते.

आमच्याकडे कामं वाटलेली आहेत. खाणं, राहणं, फिरणं माझ्याकडे आणि कागदपत्रं त्याच्याकडे. कपाटात तीन ओर्डनर आहेत, तिघांच्या तीन जाड फायली, आणि त्यांना हात लावलेला त्याला खपत नाही. तरी मी एकदा भाजी चिरताना विचारलं होतं, "व्हिसाचं काय?"

"चेक केलंय मी. लागत नाही."

त्यानं खरंच चेक केलं होतं. स्वतःच्या पासपोर्टसाठी. दोन वर्षांपूर्वी त्यानं जर्मन पासपोर्ट घेतला, लेकीलाही घेतला. "आधी आमचं दोघांचं होऊ दे, मग तुझं करू," असं ठरलं होतं. मी भाषेची परीक्षासुद्धा देऊन बसले. मग मीच आठवण केली तेव्हा म्हणाला, "अरे हो, ते राहिलंच." आणि राहिलं ते राहिलंच. माझा पासपोर्ट निळाच आहे.

मीही काही कमी मूर्ख नाही. चौदा वर्षं आम्ही एक तर पुण्याला जातो, नाहीतर इटली-स्पेनला. रेसिडेन्स कार्ड खिशात असलं की झालं. व्हिसा नावाची काही चीज असते हेच डोक्यातून गेलं होतं. भारतीय पासपोर्टवाल्या बाईच्या डोक्यातून! काय बोलायचं?

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं ऑनलाइन चेक-इन केलं. त्याचं झालं, लेकीचं झालं, माझं होईना. "सिस्टिमचा काहीतरी घोळ असेल, काउंटरवर करू," म्हणाला. सॉफ्टवेअरमधला माणूस, त्याला सगळीकडे सिस्टिमचाच घोळ दिसतो.

गुरुवारी दुपारी फ्रँकफुर्टच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं दोन लाल पासपोर्ट पटकन बघितले. माझा मात्र पुढून मागे चाळला, मग मागून पुढे.

"व्हिसा?"

"आम्हाला लागत नाही," नवरा ठसक्यात जर्मनमध्ये म्हणाला.

"तुम्हाला नाही लागत," ती म्हणाली. "यांना लागतो."

मिळायला किमान आठवडा जातो, हेही तिनंच सांगितलं. सॉरीसुद्धा तीच म्हणाली. नवऱ्यानं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता काय करायचं?" त्याचंही प्लॅनिंग मीच करायचं होतं!

मी वाट बघत होते. मीटिंग चुकवता येणार नव्हती, मान्य आहे मला. पण शनिवार-रविवार म्हणजे मीटिंग नव्हे. 'मी एकटा मीटिंगपुरता जाऊन येतो, क्योतो आपण नंतर करू,' एवढं एक वाक्य हवं होतं मला. तो म्हणाला, "पण हिची सुट्टी फुकट जाईल गं."

"ममा, कोम्स्ट डू निश्ट मिट?" लेकीनं विचारलं. तू येत नाहीस का? तिचा हात बॅगेच्या दांडीवरच होता.

"जा तुम्ही," मी म्हटलं.

"नक्की ना?" त्यानं एकदाच विचारलं. "आणि हां, तो प्लॅन तेवढा फोनवर पाठव."

पाठवला. मग ट्रेननं मानहाइमपर्यंत गेले, तिथून एस-बान, म्हणजे लोकल घेतली आणि घरी आले. वाटेत मी माझ्यासाठी बांधून घेतलेल्या दशम्या काढल्या आणि चटणीशी सगळ्या खाल्ल्या. शेजारची बाई बघत होती. बघू दे, म्हटलं.

शनिवारी सकाळी उठले तर फोटो आले होते. नारिंगी कमानी, बरोबर सात वाजता, मागे चिटपाखरू नाही. मी कपाट उघडलं आणि माझा ओर्डनर खाली काढला. भाषेचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं होतं. नागरिकत्वाच्या फॉर्मच्या पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात माझं नाव होतं. पुढची सगळी पानं कोरी. मला रडू आलं, ते रागाचंच होतं. मग डोळे पुसले, पेन घेतलं आणि दुपारपर्यंत सगळा फॉर्म भरून काढला.

बुधवारी दोघं परत आले. मी वरण-भात वाढला. नवरा खूश होता.

"खरं सांगतो, तुझा प्लॅन एक नंबर. मिनिटाला मिनिट! काहीच बदलावं लागलं नाही." घास खाऊन म्हणाला, "फक्त तुझं ते देवळातलं जेवण तेवढं काढलं."

"मग त्या वेळात काय केलंत?"

"काही नाही, हॉटेलवर जरा झोपलो."

तीन मेल लिहून मिळवलेले माझे दोन तास यांनी झोपून काढले. मी नसल्यानं क्योतोत एवढाच फरक पडला होता. "येत नाही म्हणून देवळात कळवलंस का?" मी विचारलं.

"अरे हो, ते राहिलंच."

मी त्याच्या भातावर तूप वाढलं. "नागरिकत्वाचा फॉर्म मी सोमवारी हायडेलबर्गला जाऊन देऊन आले," मी म्हटलं. "तुला सांगायचं राहिलंच."