आप्पांच्या छातीतल्या दोन वाटा

आमच्या घरात कॉलेज पास झालेली मी पहिली. बीएस्सी, तीही जीवशास्त्र घेऊन. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गुजरातेतल्या नवागामच्या चाळीत ते कुणाला माहीत नाही असं नाही. पेढे मायने वाटले, पण बातमी मीच आधी पोचवली होती.

पण घरात या डिग्रीचा काही उपयोग होईना. आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्या जन्माच्या आधीपासून लूमच्या खात्यात आहेत. खातं म्हणजे माग चालतात ती शेड. दिवसभर धाग्याची बारीक रुई उडते, ती भुवयांवर बसते, मिशांवर बसते. संध्याकाळी आप्पा घरी आले की हातपाय धुवायच्या आधी गुळाचा खडा तोंडात टाकायचे. तिथले सगळेच कारागीर खातात. रुई गुळाला चिकटते, गुळाबरोबर पोटात जाते, छाती मोकळी. कुणी शोधून काढलं कोण जाणे, पण खात्यात यावर कुणाचं दुमत नाही.

मी पास झाले त्या वर्षी आप्पांचा खोकला काही थांबेना. मालकाने फुकट दिलेले मास्क आप्पांनी मायला दिले, तिने त्यात लसूण ठेवला. जिना चढताना ते मधल्या मजल्यावर थांबायचे आणि शेजाऱ्यांशी उगाच बोलत उभे राहायचे. त्या शेजाऱ्यांशी आप्पांचं एरवी पटत नाही, तेव्हाच मला शंका आली. दवाखान्यात चला म्हटलं की एकच उत्तर.

"गूळ खादा का बठं साफ व्हई जास."

एका रविवारी मी कागद-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"आप्पा, घशात खाली दोन नळ्या आहेत. एक अन्नाची, ती पोटात जाते. दुसरी हवेची, ती छातीत. गूळ पहिलीत जातो, रुई दुसरीत. दोघांची गाठच पडत नाही."

"तोंड एक ना?"

"एक."

"मंग?"

मी फुप्फुसं काढली. हवेची नळी फांद्यांसारखी फुटत फुटत किती बारीक होते, शेवटी कसे इवलेसे फुगे असतात, त्यांच्या भोवती रक्त फिरतं, ते हवेतला प्राणवायू उचलतं आणि हृदय ते अंगभर ढकलतं, हे सांगितलं. हृदय त्यांना लगेच पटलं. "मोटर शे," म्हणाले. "पट्टा बारीक, पन मोटर चांगली."

"आणि नळीला आतून बारीक केस असतात, ते धूळ वर ढकलतात. त्यातूनही सुटली तर आत धूळ गिळणाऱ्या पेशी असतात. रखवालदार."

"देख! रखवालदार शे ना? मंग त्यासले करू दे काम. मास्क कसाले?"

"अहो, त्यांना तुम्ही बारा-बारा तास पाळीवर उभं केलंय. आणि ही रुई त्यांना पचत नाही."

माय भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमीबी तशाच शेतस. कोनलेच पचतस नही."

आप्पांना हसू आलं. तोंडात नुकताच टाकलेला गुळाचा खडा होता. हसता हसता त्याचा रस भलत्याच बाजूला गेला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. माय पीठभरल्या हातानेच पाठीवर थापा मारू लागली.

"वर देखा, वर देखा! गावले कोनी तरी याद करी ऱ्हायनं."

मी पाणी घेऊन उभी. ठसका ओसरला, आप्पांचा चेहरा लालबुंद. जरा श्वास आला तशी मी म्हटलं, "कुणी याद नाही केली. हीच ती दुसरी नळी. गुळाचा एक थेंब तिकडे गेला तर छातीने केवढा दंगा केला! रोज आख्खा खडा तिथं जात असता तर?"

आप्पांनी गळ्यावर बोट ठेवून गिळून पाहिलं, मग श्वास घेऊन पाहिला. पुन्हा गिळलं. बराच वेळ हेच चाललं होतं. मग म्हणाले, "सकाय चाल दवाखानामा."

दवाखान्यात त्यांना एका नळीत फुंकायला लावलं. "अजून, अजून, अजून," असं तिथल्या बाई म्हणत राहिल्या. पहिली फुंक आप्पांना स्वतःलाच पसंत पडली नाही, म्हणून न सांगता परत फुंकली. डॉक्टर म्हणाले, नळ्या आकसल्या आहेत, पण वेळेत आलात. तोंडाने ओढायचा पंप दिला, कामावर कोणता मास्क लावायचा ते दाखवलं. "आधी का नाही आलात, काका?" असं विचारल्यावर आप्पांनी डॉक्टरांना दोन नळ्या समजावून सांगितल्या. पूर्ण. रखवालदारांसकट. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, बिचारे. शेवटी आप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "पोर शिकेल शे मनी." मी भिंतीवरचा तक्ता वाचत असल्यासारखं केलं. तो गुजरातीत होता आणि बाळंतपणाचा होता.

मास्क लावून गेले त्या दिवशी खात्यात हिंदीत चेष्टा झाली. "क्या काका, फिर कोरोना आया क्या?" आप्पांनी लूम बंद केला नाही, पण जेवणाच्या सुट्टीत चेष्टा करणाऱ्याला समोर बसवलं, पाणी प्यायला लावलं आणि गळ्यावर बोट ठेवायला सांगितलं.

खोकला आता पुष्कळ कमी आहे. त्यांच्या रांगेतले चौघे मास्क लावतात. गूळ आप्पांसकट पाचही जण खातात, ते मी सोडून दिलंय, गुळाने कुणाचं वाईट होत नाही. परवा त्यांतला एक जण घरी आला, तर मी त्याला प्राणवायूचं सांगायला लागले. आप्पांनी मला थांबवलं.

"तू ऱ्हाऊ दे," म्हणाले. "तुले नीट सांगता येत नही."