यॉर्कहून आणलेली नक्कल

मामांना व्हिडिओ कॉल करायचा म्हणजे पंखा बघायचा. ते फोन ओट्यावर आडवा टाकतात आणि भात उपसायला लागतात. मग पलीकडे इंग्लंडात ताई, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, आमच्या दुबईतल्या, अल कूझच्या किचनचा एक्झॉस्ट फॅन बघत बोलते.

"बाबा, जेवलात?"

"हो. तू?"

"जेवले."

"बरं. ठेवतो."

खलास. दोन वर्षं हाच कॉल. मी त्याची नक्कल करायचो, फॅनच्या घरघरीसकट, आणि मामी तोंडावर हात ठेवून हसायच्या. मामांसमोर मात्र कधी केली नाही. त्यांच्या हातात बहुतेक वेळा कालथा असतो.

मामांचं डब्यांचं किचन आहे. सकाळी तिथून डबे निघतात, थोडे जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसांत, बाकीचे जबल अलीच्या गोदामांत. ताई एमबीए करायला गेली तेव्हा ठरलं होतं की परत येऊन किचन तीच बघणार. तिच्यासाठी मामांनी फिरणारी खुर्ची पण आणून ठेवली. ताईनं तिकडेच नोकरी धरली आणि तिकडच्याच एका मुलाशी लग्न केलं. आमच्या देवरुखात सगळ्यांना वाटलं, मामा आता घर डोक्यावर घेणार. मामा फक्त "बरं" म्हणाले. भडकले असते तर परवडलं असतं, कारण त्यांचं भडकणं भात शिजेपर्यंत टिकतं. हे 'बरं' काही शिजेना. खुर्चीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. तिच्यावर टोमॅटोचा क्रेट असतो.

मामी जाऊन आल्या. मामांचंही तिकीट त्यांनी दोनदा काढायला घेतलं. एकदा रमजानच्या इफ्तार बॉक्सची ऑर्डर आली, एकदा दिवाळीच्या फराळाची. ऑर्डर नसती तर मामांनी स्वतःच स्वतःला दिली असती.

मग माझ्या कंपनीनं मला लीड्सला ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलं. ताई राहते यॉर्कजवळ, लीड्सहून अर्ध्या तासाच्या ट्रेनवर. शनिवार-रविवार तिच्याकडे राहायचं ठरलं. मामा कांदे मोजून घेत होते, मान वर न करता म्हणाले, "जातोयस तर बघून ये."

"काय बघू?"

"डोळे दिलेत ना देवानं? बघ."

मामींनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, मला वर्णन करता येत नाही. मी आले आणि सांगितलं, घर छान, जावई छान, हवा छान. तर हे म्हणाले, तू काय कॅलेंडर आहेस का? तुला जमतं. तू नीट बघून ये आणि यांना करून दाखव. या दिवाळीला मला एकटीला जायचं नाहीये."

म्हणजे कंपनीचं ट्रेनिंग एक आणि मामींचं काम दुसरं. बॅगेत माझे तीन शर्ट होते, बाकी गोडा मसाला, मेतकूट आणि आमसुलं.

यॉर्कात आधी ताईनं मला शहर दाखवलं. गावाला अजून भिंत आहे आणि तिच्यावरून चालता येतं. दुबईत माझ्या बाबांपेक्षा जुनी इमारत सापडली की तिच्यावर हेरिटेजची पाटी लागते. इथे पाच-सहाशे वर्षं जुन्या गल्लीत लोक आइस्क्रीम खात उभे होते. त्या गल्लीतली दोन्ही बाजूंची घरं वरच्या बाजूला एवढी पुढे झुकलीत की समोरच्या बाईकडे साखर मागायला खाली उतरायला नको. मोठं चर्च बघताना माझी मान दुखली. नंतर कॉफी घेतली, साडेतीन पाउंड. मी मोठ्यानं दिरहम केले, मग रुपये करायला लागलो, तर ताई म्हणाली, "रुपये केलेस तर कॉफी घशाखाली उतरणार नाही. पी गप."

मग बसनं तिच्या वस्तीत. बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. एक म्हातारी गाणं म्हटल्यासारखं म्हणाली, एक पोरगा हनुवटीनंच म्हणाला, एकानं नुसतं "चिअर्स" केलं, जणू ड्रायव्हरनं त्याला बस प्यायला दिली. मला एवढं आवडलं की परत आल्यावर मी दुबईत सत्व्याच्या बसमध्ये पण ड्रायव्हरला थँक्यू म्हटलं. तो म्हणाला, "क्या हुआ भाई? कुछ छूट गया?"

ताईची वस्ती म्हणजे विटांची जुळी घरं, पुढे हातभर बाग आणि मधे हिरवं कुंपण. माणूस नाही. शनिवार संध्याकाळ, ऊन आहे आणि रस्त्यावर एक मांजर. शांतता एवढी की मी चिप्सचं पाकीट उघडलं तर समोरच्या घराचा पडदा हलला. मला वाटलं कोणीतरी गेलंय. ताई म्हणाली, "कोणी गेलं नाहीये. असंच असतं. पहिल्या वर्षी मी घरात मिक्सर नुसताच फिरवायचे, आवाजासाठी."

हे ती हसत म्हणाली. मी बघून ठेवलं.

तिचा नवरा शाळेत गणित शिकवतो. उंच आहे, दारातून येताना सवयीनं वाकतो, दार उंच असलं तरी. बोलतो कमी. रात्री भांडी त्यानंच घासली, फडकं पिळून नळावर टाकलं आणि म्हणाला, "खलास." मी चमकून ताईकडे बघितलं. तो मला म्हणाला की आपलं मराठी हळूहळू सुधारतंय. हा शब्द ताईनं दुबईहून नेलेला, मूळचा अरबी, पण एवढ्या प्रेमानं चुकणाऱ्याला कोण सांगणार?

मग त्यानं मला विचारलं, तुझ्या मामांना माझ्याबद्दल काय वाटतं?

मी म्हटलं, ते तुझ्याबद्दल बोलत नाहीत. वाईटही नाही, चांगलंही नाही.

त्यानं मान हलवली. ताई ओट्याकडे तोंड करून डबा पुसत होती. पुसलेलाच होता तो.

रविवारी दुपारी एक वाजता मागच्या दारावर टकटक झाली. शेजारचे म्हातारे आजोबा, हातात बादलीभर आंबट सफरचंदं. त्यांच्या झाडाला एवढी लागतात की ते वाटतच असतात. ताईच्या नवऱ्यानं मला हळूच सांगितलं, हे गृहस्थ पहिलं वर्षभर कुंपणाच्या पलीकडूनच बोलायचे. बायको गेल्यापासून एकटे. कसे आहात विचारलं की एकच उत्तर, "नॉट टू बॅड." पाऊस असो, ताप असो, नॉट टू बॅड.

आजोबांनी बादली ठेवली आणि थांबायचं नाही, फक्त एवढंच द्यायचं होतं वगैरे सुरू केलं. ताईनं त्यांच्या हातात वरण-भाताची वाटी दिली, तर ते दारातच, उभ्या उभ्या, कोट घालून खायला लागले.

ताईनं कालथ्यानं ओट्यावर दोनदा वाजवलं. टक, टक. हनुवटीनं खुर्ची दाखवली.

"ओन्ली हॉर्सेस ईट स्टँडिंग," ती म्हणाली. "सिट."

आजोबा बसले. कोट काढून बसले. म्हणजे हे दर रविवारचं होतं. उभं राहणं पण आणि टक टक पण. ताईनं न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला. त्यांनी नको म्हणून हात आडवा केला, तर हाताच्या कडेनं तूप सोडलं. शेजारी मेथांबा होता, त्यांच्याच सफरचंदांचा, कारण यॉर्कात कैरी कुठून आणायची. आजोबा त्याला चटणी म्हणत होते आणि बशी पुसून खात होते.

मी चमचा खाली ठेवला. ताईतल्या या माणसाला मी ओळखतो, मनात म्हटलं. फक्त तो अल कूझमध्ये असतो आणि त्याला मिशा आहेत.

निघताना ताईनं मेथांब्याची बरणी दिली. "बाबांना दे. काही सांगू नकोस, नुसती दे."

"आणि तू? तुला काही सांगायचंय का त्यांना?"

"जेवलात का म्हणून विचार," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मग नाक ओढलं. "फॅन साफ करायला सांग. फार तेल धरलंय त्यानं."

दुबईत परत आल्यावर मामांनी मला काही विचारलं नाही. मी बरणी दिली, त्यांनी क्रेटच्या शेजारी ठेवली. पुढचे सगळे दिवस डबे, गाड्या, गॅस. मामी माझ्याकडे बघायच्या, मी मामांकडे, मामा कांद्याकडे.

शनिवारी डबे कमी असतात. दुपारी आम्ही तिघं किचनमध्येच जेवायला बसलो. गॅस सिलिंडरवाला आला होता, तो पावती दाखवून निघायला लागला. मामांनी त्याला एक पोळी दिली, तो दारातच चावायला लागला.

टक, टक. "ए भाई. खडे खडे घोडा खाता है. बैठ."

तो बसला. सगळे बसतात.

मामा मला म्हणाले, "काय नकल्या, तोंड शिवलं का यॉर्कात?"

मामींनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

मी सुरू केलं. आधी बसवाली म्हातारी आणि तिचं गाणं. मग दुकानातली बाई, जी मला सुट्टे देताना "देअर यू आर, लव्ह" म्हणाली.

"तुला म्हणाली?" मामा म्हणाले. "चष्मा नव्हता का तिला?"

मग जावई. उंच दारातून वाकून आलो, फडकं पिळलं, नळावर टाकलं, "खलास." आणि सांगितलं की त्याला हे मराठी वाटतं. सिलिंडरवाला पण हसला. मामा हसले नाहीत, पण त्यांनी विचारलं, "भांडी तो घासतो?"

"रोज. तवा पण."

"तवा कशानं?"

"तारेच्या घासणीनं."

"बिडाचा असेल तर वाट लावेल." एवढं बोलून त्यांनी आमटी ओढली. जावयाबद्दलचं हे त्यांचं पहिलं वाक्य.

मग आजोबा. कोट, बादली, नॉट टू बॅड. दारात उभं राहून खाल्लं. आणि तिथे मी थांबलो, कारण पुढे ताई होती.

"पुढे?" मामा म्हणाले.

"पुढे काय, बसले जेवायला."

"असेच कसे बसले? तू तर म्हणालास थांबत नव्हते. आणि ती? तिचं कर की. सगळी वस्ती करून दाखवलीस."

मी उठलो. मामांच्या ताटाशेजारचा कालथा उचलला. ओट्यावर दोनदा वाजवला. हनुवटी उचलली.

"ओन्ली हॉर्सेस ईट स्टँडिंग. सिट."

मामींनी तोंडावर हात ठेवला. सिलिंडरवाला माझ्याकडे, मग मामांकडे बघायला लागला. त्याला इंग्लिश कळलं नसेल, पण टक टक कळली होती.

"ही माझी नक्कल झाली," मामा म्हणाले.

"नाही मामा. ताईचीच."

"मला शिकवतोस?"

"मामी, तुम्ही सांगा. तुम्ही पण बघितलंय ना?"

मामी म्हणाल्या, "अहो, दर रविवारी. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुमचीच ना ती."

मामा भात कालवत राहिले, कालवून झालेला. मग उठले, हात धुतले, क्रेटशेजारची बरणी आणली आणि झाकण उघडून बोट घातलं. चाटलं. डोळे बारीक केले.

"मेथी जाळलीय."

"मामा, त्या आजोबांना आवडतो."

"त्यांना काय माहीत, मेथांबा म्हणजे काय? मेथी तेलात टाकली की लगेच गॅस बारीक करायचा. लहानपणी शंभरदा सांगितलंय." त्यांनी परत बोट घातलं. "गूळ बरा आहे."

"फोन करून सांगा," मी म्हटलं. "लावू का?"

"फोनवर काय सांगणार? फोडणी बघावी लागते." ते बरणीचं झाकण लावत होते, ते नीट लागत नव्हतं. मामींनी त्यांच्या हातातून घेऊन लावलं.

सिलिंडरवाला शुक्रिया म्हणून गेला. मामांनी क्रेट उचलून खाली ठेवला आणि खुर्चीवर बसले, प्लास्टिकसकट. प्लास्टिक करकरलं. मी त्याची नक्कल करणार होतो, पण राहू दिली.

"तिकडे ओटा केवढा आहे?" त्यांनी विचारलं.

मी हातानं दाखवला.

"आणि चेक-इनमध्ये कढई चालते का? लोखंडाची?"

मामींनी तोपर्यंत फोन काढला होता. तिकिटासाठी.

"चालते," मी म्हटलं. "हातात नाही घ्यायची, बॅगेत टाकायची."

"मोठी नाही," मामा म्हणाले. "मधली."