व्याह्यांनी उपटलेले गज

बिबवेवाडीचा फुटपाथ हा एक जबडा आहे, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या पुण्यात एकच आहे आणि नेमका तोच माझ्या मुलीचा सासरा निघाला. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे दात काढले. दवाखाना बंद केल्यावर चारचौघांसारखं हास्यक्लबात जाऊन हसावं, तर ते नाही. त्यांच्या सोसायटीसमोरचा लोखंडी कठडा कुणीतरी कापून नेला आणि बोटभर उंचीचे गज फुटपाथात तसेच ठेवले. त्यातल्या एकाला अडखळून आमच्या विहीणबाई पडल्या. मनगट महिन्याभरात जुळलं, पण धास्ती गेली नाही. रोज संध्याकाळी देवळात जाणारी बाई गॅलरीतूनच हात जोडू लागली. व्याह्यांनी दोन अर्ज केले, वाट पाहिली आणि एका सकाळी छिन्नी, हातोडा नि पहार घेऊन स्वतःच खाली उतरले.

मुलीचा बाप म्हणून घमेलं माझ्या हाती आलं. हे मानपानात कुठे बसतं ते मला अजून कळलेलं नाही. गज वरच्या वर कापून टाकू, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "म्हणजे मूळ आतच ठेवायचं?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यानं झालेलं लग्न मोडतंय की काय असं मला वाटलं. प्रत्येक गजावर ते आधी टकटक करायचे, मग "हा हलतोय" किंवा "हा त्रास देणार" असं निदान सांगायचे. काँक्रीट फोडताना "झालं, झालं, थोडंच राहिलंय" हा दिलासा गजाला. मूळ शाबूत आलं की खड्ड्यात सिमेंट भरायचं आणि समोरच्या इस्त्रीवाल्याला बजावायचं, "उद्यापर्यंत या बाजूनं काही नाही." एकदा एका हवालदारानं हटकलं, "काय चाललंय काका?" व्याही सवयीनं म्हणाले, "आ करा." आणि त्यानं केला! अक्कलदाढेवर फुकट सल्ला घेऊन तो निघून गेला. चौकशी राहूनच गेली.

शेवटचा गज देवळाच्या अलीकडे होता आणि हार विकणाऱ्या मावशींच्या मोठ्या छत्रीची दोरी त्यालाच बांधलेली होती. "डॉक्टर, हा काढला तर मी छत्री कशाला बांधू?" मावशींनी विचारलं. व्याह्यांनी गजावर टकटक केली, बराच वेळ विचार केला. "वापरातला आहे, राहू दे," म्हणाले आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "रस्ता साफ आहे. एकच उरलाय, त्याच्यावर मी उभा असेन."

दुसऱ्या दिवशी विहीणबाई माझा हात धरून उतरल्या. सिमेंटचं एकेक ठिगळ पाहत, थांबत आम्ही पोचलो, तर व्याही गजाच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून ताठ उभे. "अहो, सरका जरा," विहीणबाई म्हणाल्या, "दिसतोय मला तो." व्याही हलले नाहीत. त्यांना वळसा घालून, माझा हात सोडून त्या एकट्याच देवळात गेल्या. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

आता त्या रोज एकट्या जातात आणि व्याही रोज आधी जाऊन गजावर उभे राहतात. परवा मी म्हटलं, "अहो, विहीणबाईंना तो गज आता पाठ झालाय."

"झालाय ना," ते देवळाकडे पाहत म्हणाले. "पण ती पडली तेव्हा मी घरात पेपर वाचत बसलो होतो. 'चला ना' म्हणाली होती."

घरी आलो, तर बायको भाजीला निघाली होती. मी येऊ का, असं विचारलं. तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग पिशवी माझ्याकडे दिली.