वाघजाईच्या राईतली सीतेची वेणी

मुळशीच्या धरणामागे, डोंगराच्या कुशीत, वाघजाईची राई आहे. तिच्या मध्यभागी जिवंत झऱ्यांची पाणथळ जागा. भर वैशाखातही तिथे पाऊल घोट्यापर्यंत रुतते. त्या ओलाव्यावर पोसलेल्या जुनाट जांभळी-बेहड्यांच्या फांद्यांवर आमरीची, म्हणजे ऑर्किडची, रोपे वस्ती करून असतात. ज्येष्ठ लागला की त्यांतून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस खाली लोंबू लागतात. गावात त्यांना सीतेची वेणी म्हणतात.

राईची राखण नरहरीच्या घराण्याकडे वाडवडिलांपासून आलेली. हा मितभाषी वृद्ध राईच्या तोंडाशी वहाणा काढी, आणि पहिल्या फुललेल्या वेणीखाली उभा राहून हात जोडी. देवीचे दर्शन त्यानंतर. त्याची पत्नी गंगूबाई यावरून त्याला टोचल्याशिवाय राहत नसे.

"अवो, आदी देवीच्या पाया पडावं मानसानं. ही झाडावरची सवत कुटनं आणलीत माज्या उरावर?"

"देवी बारमाही हाय. येणी पाव्हणी हाय, पाव्हणीचा मान आदी," तो म्हणे.

राईवर पहिले संकट आले ते घरच्याच माणसांचे. भाताची रोपे टाकण्यापूर्वी जमीन भाजायची, त्या राबासाठी लोक राईच्या कडेच्या फांद्या उतरवीत, आणि फांदीबरोबर आमरीही भस्मसात होई. भांडून भाऊबंदकीच वाढणार, हे नरहरी जाणून होता. गावाचा एक जुना दंडक होता: देवीच्या ओटीतला खण ज्या झाडाला बांधला, ते झाड देवीचे, त्यावर कोयता उचलायचा नाही. त्याने गंगूबाईकडून ओटीतल्या हिरव्या खणांच्या चिंध्या फाडून घेतल्या आणि ज्या ज्या झाडावर आमरी होती त्या त्या बुंध्याला एकेक बांधली. कोयते निमूट मागे सरले. त्यानंतर कितीतरी ज्येष्ठ राईने वेण्या माळून साजरे केले.

यंदाच्या वैशाखात पती-पत्नी भाचीच्या लग्नाला घोटावड्यास गेली. परतल्यावर नरहरी राईत शिरला आणि वहाणा काढायचे विसरून तसाच उभा राहिला.

फांद्या करवतीने कापून नेल्या होत्या. जिथे रोपे खरवडून काढली, तिथे सालीची पांढरी जखम उघडी पडली होती. तुटलेली मुळे वाऱ्यावर हलत होती. बुंध्यांवरच्या हिरव्या चिंध्यांना मात्र कोणी बोटही लावले नव्हते.

पौडहून आलेला वनरक्षक किशोर एकेका झाडाभोवती फिरला.

"काका, बाहेरची टोळी हाय. ही रोपं शहरात इकत्यात. पण शोधत बसल्याली दिसत न्हाईत; बरोब्बर त्याच झाडांवर चढल्यात. ही फडकी कुणी बांधली?"

"देवीची हायेत ती," गंगूबाई घाईने म्हणाली.

"म्या बांधली," नरहरी म्हणाला.

किशोरने मान खाली घातली. "बाहेरच्याला खणाचा धाक कुटला, काका? त्याला ती खूण झाली."

"मंजी वाट म्याच दावली."



त्या दिवशी नरहरीने ताटाला हात लावला नाही. गंगूबाई शेजारी बसून राहिली. शेवटी म्हणाली, "चिंध्या म्या फाडल्या व्हत्या. निम्मं पाप माजं. आता दोन घास खावा."

त्याने घास उचलला. तो तोंडापर्यंत पोचला नाही.

पुढे किशोरबरोबर राई धुंडाळताना, पाणथळीच्या पलीकडे कललेल्या एका जांभळीवर कळ्यांनी भरलेले एक रोप दिसले. दलदल ओलांडून तिथे कोणी राबाला जात नसे, म्हणून नरहरीने त्या झाडाला काही बांधलेच नव्हते. तो भान हरपून चिखलात उतरू लागला. किशोरने त्याचा दंड धरला.

"नगा जाऊ, काका. तुमी रोज दर्शनाला जानार, चिखलात पावलांची वाट पडनार. त्या वाटंनं दुसरं कुनी यील."

नरहरीने चिखलात टाकलेले पाऊल काढून घेतले. पाऊल उमटलेल्या जागी पाणी भरत गेले. ते सपाट होईपर्यंत तो थांबला.

ज्येष्ठ आला. राखण सुटली नव्हती. तो रोज राईच्या तोंडाशी जाऊन बसे, तिथून पुढे मात्र जात नसे. एका सकाळी भाकरी घेऊन आलेली गंगूबाई त्याच्याजवळ टेकली.

"पानथळीपल्याडली येणी फुलली आसंल का वो?"

"आसंल."

"लांबनं तरी बगून या. म्या बसते हितं."

"नगं," तो म्हणाला, आणि राईकडे पाठ करून रस्त्याकडे पाहत राहिला.